आधी यादी, मग इन्व्हर्टर

वाचकाचं पत्र : ताई, आमचं घर वरच्या मजल्यावर आणि खाली माझं छोटं ऑफिस. टायपिंग, ऑनलाइन फॉर्म भरून देणं, प्रिंटआउट, थोडंफार डिझाइन अशी कामं चालतात. हल्ली लाइट कधीही जाते. कधी अर्ध्या तासात येते, कधी चार-पाच तास पत्ता नसतो. मध्यंतरी एका ग्राहकाची होत आलेली फाइल सेव्ह करायच्या आत गेली. घरात सासऱ्यांना फुफ्फुसाच्या आजारामुळे रात्री ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून देणारं विजेचं यंत्र) लागतो. सासूबाईंचं इन्सुलिन फ्रिजमध्ये असतं. दुकानदार म्हणतो, सगळ्यात मोठा इन्व्हर्टर घ्या, काळजी मिटली. आमचे हे म्हणतात, जनरेटर घेऊ, जिन्याखाली जागा आहे. ओळखीचा वायरमन तो सॉकेटमध्येच जोडून द्यायला तयार आहे. भाऊ म्हणतो, छतावर सोलर बसव, लाइट गेलेली कळणारसुद्धा नाही. नेमकं काय घेऊ आणि किती मोठं?

उत्तर :

बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल, पण जिन्याखालच्या जनरेटरचा विषय आज संध्याकाळीच मिटवा.

जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा त्याला दोनशे पटींहून जास्त ओढीने धरतं, म्हणजे माणूस श्वास घेत असतो आणि आतून गुदमरत असतो. आधी डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं. रात्री झोपेत असलेल्याला एवढंही कळत नाही. आणि जिना म्हणजे घराचं धुराडंच. खालचा वायू सरळ वर, सासऱ्यांच्या खोलीपर्यंत जाणार. दार उघडं ठेवू, खिडकी उघडी ठेवू, पंखा लावू, यातलं काहीही पुरत नाही. जनरेटर उघड्यावरच हवा, घरापासून निदान 6 मीटर दूर, धुराचं तोंड कुठल्याही दार-खिडकीकडे न येईल असं. तेवढी मोकळी जागा नसेल तर जनरेटर तुमच्यासाठी नाही, विषय संपला.

वायरमनच्या सूचनेबद्दलही तेवढंच स्पष्ट सांगते. दोन्ही टोकांना प्लग असलेली वायर करून जनरेटर भिंतीतल्या सॉकेटला जोडायचा, ही युक्ती सोपी आहे आणि जीवघेणी आहे. अशी जोडलेली वीज घरात थांबत नाही. मेन स्विच चालू राहिला तर ती मीटरमधून उलटी बाहेर पडते. ट्रान्सफॉर्मर दोन्ही दिशांनी काम करतो. 11,000 व्होल्टचे 230 करणारा ट्रान्सफॉर्मर तुमच्या 230 चे पुन्हा 11,000 करू शकतो, आणि पलीकडे लाइन बंद आहे असं समजून खांबावर चढलेला लाइनमन असतो. ‘आम्ही आठवणीने मेन बंद करू’ हा भरवसा अंधारात, घाईत, पाहुणे आलेले असताना टिकत नाही. शिवाय ती वायर सॉकेटमधून निसटली तर पिना उघड्या आणि त्यांत पूर्ण व्होल्टेज. लाइट परत आली तर जनरेटर जळतो तो वेगळाच. जनरेटर घरच्या वायरिंगला जोडायचाच तर मधे चेंजओव्हर स्विच हवा, म्हणजे एका वेळी मेन किंवा जनरेटर यांतलं एकच जोडणारा, तोही परवानाधारक इलेक्ट्रिशियनने बसवलेला. ते नको असेल तर जनरेटरवरून जाड एक्स्टेंशन केबल काढून ठरावीक यंत्रं थेट चालवायची. इंधन घरात साठवायचं नाही आणि तापलेल्या इंजिनात भरायचं नाही.

माझं मत विचाराल तर चार-पाच तासांसाठी आणि तुमच्या गरजेएवढ्या लोडसाठी जनरेटरची कटकट करूच नका. दिवसदिवस वीज नसणाऱ्या जागी तो लागतो. तुमची अडचण वेगळी आहे.

तुम्हाला चौघांनी चार सल्ले दिले आणि सगळ्यांनी काय घ्यायचं किंवा कसं जोडायचं तेवढंच सांगितलं. काय थांबलेलं चालेल, हे कुणी विचारलेलं दिसत नाही. म्हणून एक कागद घ्या आणि वर-खाली सगळीकडे फिरा. प्रत्येक यंत्राच्या मागे किंवा खाली पट्टी असते, तिच्यावर वॅट लिहिलेले असतात. नुसते अँपिअर दिले असतील तर व्होल्टेजने गुणा, अंदाज येतो. प्रत्येक नावापुढे तीनपैकी एक शेरा मारा: अजिबात थांबू नये, थांबलं तर चालेल पण अचानक नको, थांबलं तरी काही बिघडत नाही. तुमच्या घरात पहिल्या शेऱ्याला बहुधा एकच यंत्र येईल, सासऱ्यांचं. कॉम्प्युटर दुसऱ्यात. फ्रिज तिसऱ्यात.

फ्रिज तिसऱ्यात कसा, असं तुम्ही म्हणाल. दार बंद राहिलं तर फ्रिज साधारण 4 तास पुरेसा थंड राहतो. भरलेला फ्रीझर 48 तास, अर्धा भरलेला 24 तास थंडी धरतो. फ्रिज बिघडवतो तो आपणच, ‘अजून गार आहे का’ बघायला दर दहा मिनिटांनी दार उघडून. आत एक साधा थर्मामीटर ठेवा. 4 अंश सेल्सिअसच्या वर दोन तासांपेक्षा जास्त राहिलेलं दूध, शिजवलेलं अन्न असले पदार्थ वास घेऊन किंवा चव बघून ठेवायचे नाहीत, टाकायचे. आजारी पाडणारे जंतू वासावरून कळत नाहीत. रिकाम्या फ्रीझरमध्ये पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवल्या तर थंडी जास्त टिकते. बाटली काठोकाठ भरू नका, बर्फ फुगतो.

इन्सुलिनची भीती थोडी कमी करते. न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 अंशांत ठेवायचं असतं, पण वापरात असलेली बाटली किंवा पेन खोलीच्या तापमानालाही बरेच दिवस टिकतं. पुष्कळ प्रकारांत ही मुदत 28 दिवस आणि मर्यादा 25 ते 30 अंश असते. तुमच्या औषधाचा नेमका आकडा डब्यातल्या पत्रकावर आहे, तोच धरा. म्हणजे चार तास लाइट गेली म्हणून इन्सुलिन वाया जात नाही. वाया जातं ते घाबरून बर्फात खुपसल्यावर. गोठलेलं इन्सुलिन पुन्हा वितळलं, दिसायला जसंच्या तसं झालं, तरी वापरायचं नाही. थंड ठेवायचंच असेल तर बर्फ आणि बाटली यांच्यामध्ये जाड कापडाची घडी हवी.

आता सासऱ्यांचं यंत्र. सगळी अक्कल आणि पैसा इथे आधी लावा. 5 लिटरचा घरगुती कॉन्सन्ट्रेटर साधारण 300 ते 350 वॅट घेतो. रात्रीचे आठ तास धरले तर अडीच युनिटांच्या आसपास वीज झाली. नेहमीच्या एका बॅटरीच्या इन्व्हर्टरवर तो रात्रभर चालणार नाही. दुकानदाराने ‘काळजी मिटेल’ म्हणताना हा हिशेब केलेला नसणार, कारण त्याला बहुधा यंत्राबद्दल माहीतच नाही. यावर जुना, खात्रीचा उपाय म्हणजे ऑक्सिजन सिलिंडर. तो विजेवर अवलंबून नाही. 10 लिटर पाण्याच्या मापाचा (म्हणजे आत 10 लिटर पाणी मावेल एवढा) सिलिंडर 150 बार दाबाने भरलेला असेल तर त्यात सुमारे 1,500 लिटर वायू असतो. मिनिटाला 2 लिटरने तो साधारण 12 तास जातो. 4 लिटरने सहाच तास. सासऱ्यांचा प्रवाह किती, मधे दोन मिनिटं तुटला तर चालतं का, सिलिंडर कोणत्या मापाचा हवा, हे त्यांच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. प्रवाह आपल्या मनाने वाढवायचा नाही. फुफ्फुसाच्या काही आजारांत जास्त ऑक्सिजनही घातक ठरतो.

सिलिंडर घेऊन कोपऱ्यात उभा केला की काम झालं असं नाही. तो भिंतीला साखळीने बांधलेला हवा. त्याची चावी त्यालाच दोरीने लटकवा. नाहीतर रात्री दोन वाजता टॉर्च तोंडात धरून सगळं घर चावी शोधत फिरतं. रेग्युलेटर बसवणं, व्हॉल्व्ह सावकाश उघडणं, नळी बदलणं हे घरातल्या निदान दोघांना न बघता जमलं पाहिजे. महिन्यातून एकदा काट्यावरचा दाब बघून ठेवा. वीज गेली की कॉन्सन्ट्रेटर ओरडतो का, तेही प्लग काढून तपासा. आणि त्या खोलीत मेणबत्ती नको, उदबत्ती नको, विडी-सिगारेट तर नकोच. अनेक वीज कंपन्या वैद्यकीय यंत्रं असलेल्या घरांची नोंद ठेवतात, तुमच्याकडे तशी सोय आहे का ते विचारा. वीज दीर्घ काळ आलीच नाही तर सासऱ्यांना कुठे हलवायचं आणि कोणाच्या गाडीतून, हे ठिकाण आणि फोन नंबर कागदावर लिहून दारामागे चिकटवा.

ऑफिसचं दुखणं त्या मानाने साधं. तुमची फाइल गेली ती काही चार तासांच्या अंधारामुळे नाही, पहिल्या सेकंदामुळे. घरगुती इन्व्हर्टर मेनवरून बॅटरीवर यायला जो क्षण घेतो, तेवढ्यात डेस्कटॉप बंद पडू शकतो. त्यासाठी कॉम्प्युटरला स्वतःचा यूपीएस हवा, म्हणजे लाइट जाताच कॉम्प्युटर बंद न पडू देता बॅटरीवर घेणारा डबा. डब्यावरचा व्हीए हा आकडा म्हणजे वॅट नव्हेत. 600 व्हीएचा छोटा यूपीएस बऱ्याचदा 360 वॅटचाच असतो. त्याच्याकडून दहा-पंधरा मिनिटांचीच अपेक्षा ठेवा. काम सेव्ह करून मशीन नीट बंद करायला तेवढी पुरतात. त्यावर लेझर प्रिंटर कधीही लावू नका. कागदावर टोनर भाजताना त्यातला हीटर क्षणात हजार वॅटच्या घरात जातो आणि यूपीएस बसतो, कॉम्प्युटरसकट. लाइट नसताना प्रिंट द्याव्याच लागत असतील तर एक इंकजेट ठेवा, त्याची भूक फार थोडी. खरं तर डेस्कटॉप बदलायला आलाच असेल तर लॅपटॉप घ्या. त्याच्या पोटातच बॅटरी आहे, यूपीएसचा खर्च वाचला. ऑटोसेव्ह दर पाच मिनिटांवर ठेवा, आणि ग्राहकांच्या फाइलींची एक प्रत ऑफिसच्या बाहेर कुठेतरी असू द्या.

इंटरनेटचंही गणित समजून घ्या. तुमच्याकडे फायबर असेल तर घरापर्यंत येणाऱ्या तारेला मधल्या टप्प्यात सहसा वीज लागत नाही. तुमच्या घरातला डबा, म्हणजे राउटर, जिवंत राहिला की नेट बहुतेक वेळा चालू राहतं. तो डबा दहा-पंधरा वॅटचा असतो आणि बहुधा 12 व्होल्ट डीसीवर चालतो. त्याच्यासाठी मिळणारा छोटा डीसी यूपीएस लावा, तासन्‌तास चालेल. फोनच्या नेटवर फार विसंबू नका, मोबाइल टॉवरलाही वीज लागते आणि त्यांच्या बॅटऱ्याही संपतात. पॉवर बँकवरचा 10,000 एमएएच हा आकडा आतल्या 3.7 व्होल्टच्या सेलचा आहे. फोनला मिळतं ते 5 व्होल्टच्या हिशेबाने सहा हजारांच्या आसपास, म्हणून ‘फसवलं’ म्हणून दुकानात भांडायला जाऊ नका.

आता तुमचा मूळ प्रश्न, किती मोठा इन्व्हर्टर. इन्व्हर्टरचा आकार एका वेळी किती लोड पेलेल ते ठरवतो. किती वेळ पेलेल ते बॅटरी ठरवते. सगळ्यात मोठा इन्व्हर्टर घेऊन त्याला तीच बॅटरी लावली तर अंधार त्याच वेळी होणार.

तुमच्या पत्रावरून मी अंदाजे लोड मांडते. 9 वॅटचे चार एलईडी, 36. जुने छताचे दोन पंखे, 150. राउटर 12, लॅपटॉप 60. झाले 258, म्हणू 260 वॅट. बाजारातली नेहमीची बॅटरी 12 व्होल्ट, 150 एएचची (अँपिअर-तास). गुणाकार केला तर 1,800 वॅट-तास. पण लेड-अॅसिड बॅटरी रोज तळापर्यंत उपसली तर लवकर मरते, निम्म्यापर्यंत वापरणं शहाणपणाचं. उरले 900. इन्व्हर्टरमध्ये पंधरा टक्के तरी जातात, उरले सुमारे 765. भागिले 260, म्हणजे तीन तासांना थोडं कमी. आणि तो 150 चा आकडा बहुतेक बॅटऱ्यांवर 20 तासांत हळूहळू रिकामी करण्याच्या हिशेबाने छापलेला असतो. भराभर उपसली की त्याहून कमी मिळतं.

दोन जुने पंखे काढून बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटारीचे, पंखे लावा. ते प्रत्येकी तीसेक वॅट घेतात. लोड 260 वरून 170 वर येतो आणि त्याच 765 मध्ये तीन तासांचे साडेचार होतात, बॅटरीला हातही न लावता. बॅटरी वाढवण्याआधी लोड उतरवा, असं मी म्हणते ते यासाठी. दुकानदार हे सांगणार नाही, त्याचं पोट पंख्यांवर नाही.

इन्व्हर्टर घेताना शुद्ध साइन वेव्हचा, म्हणजे मेनसारखीच सलग लाटेची वीज देणारा घ्या. स्क्वेअर वेव्हवर पंखे घुंघुं करतात, मोटारी तापतात आणि काही कॉम्प्युटरचे पॉवर सप्लाय रुसतात. फ्रिज इन्व्हर्टरवर टाकायचा मोह आवरा. चालताना तो दीडशे वॅट दिसला तरी कॉम्प्रेसर सुरू होतानाच्या क्षणी त्याच्या कितीतरी पट ओढतो. एसी, गीझर, इस्त्री, पाण्याची मोटार यांच्या वायरी इन्व्हर्टरच्या सर्किटपासून वेगळ्या काढून घ्या. पाण्याची टाकी मात्र रोज रात्री भरून ठेवण्याची सवय लावा, ते फुकट आहे.

लिथियम घेऊ का, असा प्रश्न पुढे येईलच. सुरुवातीला महाग, पण ऐंशी-नव्वद टक्के वापरता येते, पाणी घालावं लागत नाही आणि भरते लवकर. हे शेवटचं तुमच्यासाठी महत्त्वाचं आहे. लेड-अॅसिड पूर्ण भरायला आठ-दहा तास सहज घेते. दिवसातून दोनदा लाइट गेली तर दुसऱ्या वेळी ती अर्धपोटीच असते. लिथियम घेतलीत तर इन्व्हर्टरमध्ये तिचं चार्जिंग सेटिंग आहे ना, ते आधी बघा. लेड-अॅसिड घेतलीत तर हवेशीर जागी ठेवा, चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. जवळ ज्योत नको. पाणी डिस्टिल्डच, नळाचं नाही.

लाइट परत येते तेव्हाही जपा, पहिल्या मिनिटांत व्होल्टेज वरखाली होतं. लाइट गेल्या गेल्या मोठी यंत्रं बटणावरून बंद करा, मेनवरचा एक दिवा फक्त चालू ठेवा. तो लागला आणि स्थिर राहिला की पाचेक मिनिटांनी फ्रिज, मग बाकीचं. कॉम्प्रेसरला आतला दाब उतरायला तेवढा वेळ लागतोच.

ऑफिसात एक पावतीपुस्तक, एक पेन आणि सुट्टे पैसे ठेवा. गल्ला, शटर किंवा दाराचं कुलूप विजेवर चालणारं असेल तर हाताने कसं उघडतं ते आधीच शिकून घ्या. टॉर्च प्रत्येक खोलीत ठरलेल्या खिळ्याला टांगलेला, सासूबाईंच्या उशाशी वेगळा.

हे सगळं जमलं की एखाद्या सुट्टीच्या दिवशी सासरे जागे असताना, सिलिंडर शेजारी ठेवून, मेन स्विच स्वतः पाडा आणि दोन तास तसंच राहा. कोणाला काय सापडत नाही, कुठला दिवा भलत्याच सर्किटवर आहे, यूपीएस किती मिनिटांत ओरडतो, सगळं त्या दोन तासांत कळेल. कागद जवळ ठेवा आणि लिहीत जा.

राहिला भावाचा सोलर. वीजबिलासाठी तो उत्तम असेल, पण ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला, जोडलेली साधी सोलर यंत्रणा लाइट गेली की भर उन्हातसुद्धा स्वतःला बंद करून घेते. बिघाड नाही, तशीच रचना असते, लाइनवर काम करणाऱ्याला झटका बसू नये म्हणून. वीज गेल्यावरही घर चालायला हवं असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर (सोलर, बॅटरी आणि ग्रिड तिन्ही सांभाळणारा) आणि बॅटरी लागते, आणि तिचा हिशेब वरच्यासारखाच करावा लागतो. बसवणाऱ्याला एकच प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी घ्या: दुपारी बारा वाजता ग्रिड गेलं तर माझ्या घरातलं काय काय चालू राहील, आणि किती वेळ?